डावा दिवा

माफिंगा,
रविवार, ता. ५ मे

प्रिय अतुगनिले हीस,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेली भाजकी केळी मकांबाको यायच्या आधीच संपली, तेव्हा पुरली का, हे विचारू नकोस. इथे थंडी अशी आहे की सकाळी अंघोळीच्या रांगेत जो तो दुसऱ्याला आधी जा म्हणतो. एरवी ही मंडळी रस्त्यावर कुणाच्या बापाला पुढे जाऊ देत नाहीत.

अगं, मी शाळेत आहे! बावन्नाव्या वर्षी! बाकावर बसतो, समोर फळा आहे, घंटा झाली की धावत वर्गात जातो. वर्गात निम्मे माझ्यासारखे आहेत, म्हणजे आधी क्लीनर म्हणून टायर बदलले, उस्तादाचे कपडे धुतले, आणि मग एके दिवशी उस्ताद घे म्हणाला म्हणून स्टिअरिंग हातात आलं. उरलेली निम्मी कोवळी पोरं आहेत, त्यांनी ट्रकखाली एक रात्र काढलेली नाही. पण नव्या नियमात सगळे सारखे. हा अभ्यासक्रम आणि त्याची परीक्षा झाल्याशिवाय अवजड गाडीचं लायसन कुणालाच मिळणार नाही, आणि आमचं जुनं पुढे चालू राहणार नाही.

शिकवायला सिकुजुआ बाई आहेत. आपल्या तुसापेक्षा चार-दोन वर्षांनी मोठ्या असतील. टँकरवर वाढलेली मुलगी आहे, त्यामुळे थापा मारायची सोय नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खोट्या ट्रकमध्ये बसवलं. खोलीतच एक सीट, स्टिअरिंग, गिअर, आणि समोर मोठा पडदा. पडद्यावर रस्ता पळतो आणि समोरून गाड्या येतात. मी छान चालवत होतो, पण मागे वर्ग फिदीफिदी हसायला लागला. मला कळेना काय झालं. मग बाईंनी सांगितलं की मी पडद्यावरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला हात वर करून नमस्कार करतोय. आता समोरून आपला माणूस आला तर करायचं काय? दुसऱ्या दिवशी जखमीला श्वास द्यायचं शिकवलं. त्यासाठी एक रबरी बाई आणून ठेवली होती. तिच्या तोंडाला तोंड लावलं, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितो.

मालक म्वाकाटोबेंनी निघताना पुन्हा बजावलं. जूनअखेर नवा ट्रक बंदरात उतरतोय. त्याआधी माझ्या हातात इथला दाखला आला तर किल्ली माझी, नाहीतर दुसऱ्या कुणाची. आजवर मी जुन्याच गाड्या हाकल्या. ज्या सीटवर बसलो, तिला आधीच दुसऱ्याच्या पाठीचा खड्डा पडलेला. एकदा तरी प्लास्टिक न काढलेल्या सीटवर बसावं असं फार वाटतं, अतुगनिले. तुला म्हणून सांगतो. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर काय लिहायचं तेही मालकांनी माझ्यावर सोडलंय. तू विचार करून ठेव.

फोन आल्या आल्या काढून घेतले. वॉर्डनच्या कपाटात कुलपात आहेत, रविवारी थोडा वेळ मिळतात. नाहीतरी मी फोनवर इतका ओरडतो की खिडकी उघडी ठेवली तरी टुकुयूला ऐकू जाईल, असं तूच म्हणतेस. मलावीकडे जाणारे आपले लोक इथे फाटकासमोर चहाला थांबतात. त्यांच्याकडे पत्र दिलं की ते तुझ्या टपरीवर पोचेल.

माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे. वाढली तरी हरकत नाही.

तुझा,
ग्वाकिसा


टुकुयू,
ता. ११ मे

तुसाच्या बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अंबाकिस्येने आणून दिलं. देण्याआधी त्याने ती रबरी बाई दिसायला कशी आहे असं विचारलं, त्यावरून पत्र कुणी कुणी वाचलं ते मला कळलं. पुढचं पत्र चिकटवून पाठवा. आता घेवडा खायला येणारा प्रत्येक ड्रायव्हर मला तिची खुशाली विचारतो. मी सांगते की तिची तब्येत बरी आहे, आमच्या माणसाचा श्वास लागल्यामुळे ती लसणीच्या वासाने उठून बसली.

तुम्ही खुशीत आहात हे अक्षरावरूनच दिसलं. ओळी वर वर चढत गेल्यात. इतक्या वर्षांत तुमचं इतकं लांब पत्र मला आलेलं नाही, लग्नाआधीसुद्धा नाही. तेव्हा सरकारने हा नियम पंचवीस वर्षं आधी का आणला नाही, असं मला वाटलं.

फाळक्याबद्दल मी विचार केला. "बायकोला विचारून चालवतो" हे चांगलं आहे. नाहीतर "घरी भांडून आलोय, लांब राहा". देवाधर्माचं काही नको, ते सगळ्यांच्याच गाडीवर असतं आणि तरी खड्ड्यात जातात.

काळजीच्या दोन गोष्टी आहेत, त्या शेवटी लिहायच्या म्हणून ठेवल्या. एक म्हणजे आपली तुसा. तिच्या पायांना सूज आहे. दार-एस-सलामची हवा दमट, जावई दिवसभर गोदीवर. दिवस जूनअखेरीचे आहेत, मी आठवडाभर आधी जाईन. दुसरी गोष्ट मालकांच्या बायकोने रविवारी चर्चच्या दारातच सांगितली. त्यांचा पुतण्या लुसेकेलो तिकडे दार-एस-सलाममध्ये हाच अभ्यासक्रम पहिल्या फटक्यात पास झाला आणि नवा ट्रक कुठल्या रंगाचा आहे हे विचारत होता. मी म्हटलं की रंग आमच्या ह्यांना विचारून कळवते. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही. तेव्हा रबरी बायकांच्या नादी न लागता अभ्यास करा.

माझा फोन धुण्याच्या बादलीत पडला. तांदळाच्या डब्यात ठेवलाय, अजून बोलत नाही. लुगानोच्या आईचा फोन शेजारी आहेच.

दूर आहात म्हणून लोभ कमी करू नका. मी करत नाही.

आपली,
अतुगनिले


माफिंगा,
ता. २४ मे

प्रिय अतुगनिले हीस,
स. न. वि. वि.

नापास झालो.

हे एक वाक्य लिहायला दुपार गेली. आता पुढचं भराभर लिहितो. लेखी परीक्षेत पास. डोळे पास. माल बांधणं, हवेचे ब्रेक, उतारावरचे गिअर, या सगळ्यात बाईंनी शाबासकी दिली. आवारात एवढा मोठा ट्रेलर उलटा घेऊन दोन पिंपांच्या मधून काढला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की वाटलं, किल्ली हातात आलीच.

मग रस्त्यावरची परीक्षा. शिकाऊ पाटी लावून निघालो, बाई शेजारी कागद घेऊन. चढ लागला. मागे एक पांढरी छोटी गाडी अडकली होती. बिचारा कधीपासून डोकावत होता. मला पुढचा रस्ता दिसत होता, मोकळा, लखलखीत. मी केलं तेच, जे गेली सव्वीस वर्षं करतोय. डावा दिवा लावला. तो झपकन पुढे गेला, जाताना आभाराचे दोन हॉर्न वाजवले, मीही हात केला. मला वाटलं, बाईंनी बघितलं ते बरं झालं, आपली रीतभात त्यांना कळेल. त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मला वाटलं, कौतुकच लिहीत असतील.

फाटकात आल्यावर म्हणाल्या की वळायचं नसताना वळण्याची खूण केली, म्हणून नापास. मी म्हटलं की मी वळणार नव्हतोच. त्या म्हणाल्या की तेच तर लिहिलंय.

अतुगनिले, तुला माहीत आहे, तुंडुमापासून चालिंझेपर्यंत मला ग्वाकिसा म्हणून कुणी ओळखत नाही. डावा दिवा म्हणूनच ओळखतात. डावा दिवा म्हणजे रस्ता मोकळा आहे, जा. उजवा म्हणजे थांब, समोरून कोणी येतंय. माझ्या उस्तादांनी, म्झे म्वांबुंगूंनी, मला हेच पहिलं शिकवलं, गिअरच्याही आधी. ते म्हणायचे की मागच्याला पुढचं दिसत नाही, तेव्हा आपले डोळे त्याला उसने द्यायचे. हा आपल्या रस्त्याचा शिष्टाचार. जो दिवा देत नाही तो जंगली. मी बाईंना हे सगळं सांगितलं, जरा आवाज चढवूनच.

त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचे वडीलही असाच दिवा द्यायचे म्हणाल्या. मग म्हणाल्या की डोळे उसने देता येतात हो, पण मागच्याचा ब्रेक कसा आहे, त्याला झोप किती झालीय, झाडीतून पुढच्या क्षणाला काय निघणार आहे, हे तुम्हाला त्या डोळ्यांनी दिसतं का? आणि तो तर तुमच्या भरवशावर डोळे मिटून निघतो. शिवाय परक्या माणसाला वाटतं की तुम्ही खरंच वळताय.

पुन्हा एकदा परीक्षा देता येते, तेरा जूनला. तीही गेली तर पुढच्या तुकडीबरोबर सगळं पहिल्यापासून, आणि तोवर ट्रक लुसेकेलोचा. बाईंना माझ्याबद्दल राग नाही. त्या म्हणाल्या की तुमचं डोकं पास झालंय, हात नापास आहे.

टपरीवर सांगू नकोस. अर्थात हे पत्र फिलिमोन आणतोय, म्हणजे तुला मिळेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असेल.

नापास नवऱ्यावरही लोभ ठेव.

तुझा,
ग्वाकिसा


टुकुयू,
ता. २९ मे

तुसाच्या बाबांना,
सा. न. वि. वि.

कळलं होतं. फिलिमोनने गाडी थांबवायच्या आधी खिडकीतूनच ओरडून सांगितलं.

मग काय विचारता! त्या दिवशी टपरीवर जी पार्लमेंट भरली, तिला मक्याच्या उगालीची दोन पातेली लागली. अंबाकिस्ये म्हणाला की सिकुजुआ बाईंना एकदा कितोंगाच्या घाटात बसमागे अडकवून ठेवावं, म्हणजे दिव्याची किंमत कळेल. फिलिमोन म्हणाला की उद्या सरकार शिंकायलाही दाखला मागेल. सगळे तुमच्या बाजूने. मीही पळी आपटून तावातावाने बोलत होते, की आमच्या माणसाच्या दिव्यावर निम्मा देश पुढे गेला, आणि त्यालाच नापास करतात!

लुगानोची आई कोपऱ्यात घेवडा निवडत बसली होती. ती कधी ड्रायव्हर लोकांत बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मान वर न करता ती म्हणाली की आमचे हेही डाव्या दिव्यावरच गेले. इगावाच्या पुढे, मिनीबस घेऊन. पुढच्या ट्रकने दिवा दिला, हे निघाले. मागून येणाऱ्यांनी दिवा बघितला होता. तो ट्रकवाला थांबलाही होता म्हणे, डोकं धरून रस्त्याच्या कडेला बसला होता. भला माणूस असावा, ती म्हणाली. आणि पुन्हा घेवडा निवडायला लागली.

इतकी वर्षं शेजारी राहतो आम्ही. लुगानोचे वडील अपघातात गेले एवढंच मला माहीत होतं. पार्लमेंट उठली. अंबाकिस्येने पैसे देताना माझ्याकडे बघितलं नाही. मी रात्रभर त्या भल्या माणसाचा विचार करत होते. तो घरी जाऊन बायकोला काय म्हणाला असेल?

तेव्हा ऐका. मला नवा ट्रक नको, असं मी म्हणणार नाही. मला तो हवा आहे, त्या लुसेकेलोच्या काकूच्या नाकावर टिच्चून हवा आहे. पण त्याहून जास्त मला हे हवंय की तुम्ही कधीही तसे रस्त्याच्या कडेला बसू नये. सोबत माझ्या जुन्या निळ्या खांग्याची पट्टी फाडून पाठवतेय, तीच, जी कंबरेला गुंडाळून मी टपरीवर उभी असते. डाव्या मनगटाला बांधा. हात दिव्याकडे निघाला की समजा, मी धरलाय. इतक्या वर्षांत मी धरलेला हात तुम्हाला सोडवता आलेला नाही, तेव्हा आता काय सोडवाल!

फाळक्यासाठी नवीन सुचलंय: "शिष्टाचार घरी ठेवून आलोय".

रागावले असले तरी लोभ आहेच, तो गृहीत धरा.

आपली,
अतुगनिले


माफिंगा,
ता. ९ जून

प्रिय अतुगनिले हीस,
स. न. वि. वि.

पट्टी मिळाली. कांद्याचा वास अजून आहे, त्यामुळे खोलीतल्या पोरांना सारखी भूक लागते. लुगानोच्या आईला माझा नमस्कार सांग. पत्रातला तो मजकूर मी बाईंना वाचून दाखवला, वर्गातही त्यांनी वाचायला लावला. कुणी हसलं नाही.

रोज सराव चाललाय. सकाळी खोटा ट्रक, दुपारी खरा. बाई मुद्दाम मागे गाडी लावून हॉर्न वाजवायला पोरांना बसवतात. पोरांना तर सणच झाला आहे. माझा हात निघतो, पट्टी दिसते, हात परत येतो. रात्री झोपेतही डावा हात उडतो म्हणे, शेजारच्या खाटेवरच्या पोराला काल थप्पड बसली. तो म्हणाला की म्झे, तुमच्या डाव्या दिव्याने मलाच उडवलं.

आता गुरुवार कधी येतो असं झालंय. भीती आहे, पण उत्साहच जास्त आहे. तुसाकडे जाण्याआधी एक ओळ टाक.

प्रार्थनेत नाव घे, लोभाचं मी वेगळं सांगत नाही.

तुझा,
ग्वाकिसा


माफिंगा,
गुरुवार, ता. १३ जून

प्रिय अतुगनिले हीस,
स. न. वि. वि.

पास! पास! पास!

हे पत्र टुकुयूच्या चौकात उभं राहून मोठ्याने वाचलंस तरी चालेल. फिलिमोनने आधीच फोडलं असेल तर त्यालाही माझा आशीर्वाद.

आता सगळं सविस्तर ऐक. मकांबाकोच्या बाजूने परत येत होतो. सगळं नीट झालं होतं, शाळा अगदी जवळ आलेली, शेवटचा लांब चढ उरला होता. आणि मागे बस आली. मोठी, लांबच्या पल्ल्याची. तिला घाई तर असतेच. आधी दिवे मारले, मग हॉर्न. मग असा हॉर्न धरला की सोडेचना. माझी गाडी भरलेली, चढावर मुंगीच्या पायांनी चाललेली. बाई कागदावर पेन टेकवून बसलेल्या. मी घामाघूम, या थंडीत.

त्यात बसमधून एक बाई ओरडायला लागली. आरशात मला नुसता एक हात दिसत होता, खिडकीतून बाहेर काढून नाचवलेला. आणि काय सांगू, शिव्या आपल्या भाषेत! अस्सल किन्याक्यूसा! माफिंग्याच्या चढावर! ती म्हणत होती की या माणसाला आईने जेवायला शिकवलं पण वागायला शिकवलं नाही, आणि कुठली करंटी याला रोज वाढते, तिला एकदा बघायचंय. मला घराची इतकी आठवण आली! मनात म्हटलं, ही नक्की तुझ्या माहेरची कुणीतरी असणार, एवढी धार दुसऱ्या गावच्या जिभेला नसते.

आणि मग माथ्याजवळ रस्ता सरळ झाला. समोर पार लांबपर्यंत रिकामा. एक सायकलसुद्धा नव्हती. अतुगनिले, खरं सांगतो, कुठल्याही दिवशी, कुणीही विचारलं असतं तरी मी दिवा दिला असता. आपल्या भाषेत शिव्या देणारी बाई मागे आहे, रस्ता मोकळा आहे, आणि मी दिवा देत नाही, याची मला लाज वाटत होती. हात निघाला. पट्टी दिसली. हात मी मांडीखाली दाबून ठेवला, अगदी लहान पोरासारखा.

तेवढ्यात डावीकडच्या पाइनच्या झाडीतून एक ट्रॅक्टर निघाला. मागे लाकडांनी भरलेली ट्रॉली. इकडे-तिकडे न बघता सरळ रस्ता ओलांडून उजव्या बाजूला आडवा झाला. मी ब्रेक दाबला, सावकाश, शिकवला तसा. बस उजव्या बाजूला आलेली असती तर ती कुठे गेली असती, ते मी लिहीत नाही. बाईंचं पेन खाली पडलं. ट्रॅक्टर पलीकडच्या झाडीत गेला. मग त्यांनी पेन उचललं आणि म्हणाल्या की चला, शाळा आली, खूण करा आणि वळा. मी डावा दिवा लावला आणि खरोखरच डावीकडे वळलो. आयुष्यात पहिल्यांदाच तो दिवा असा खरा वाटला.

दाखला सोमवारी हातात मिळेल. मग थेट दार-एस-सलाम, बंदर, ट्रक! आणि तुसा! वाटेत तुला टुकुयूहून घेता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण रस्ता उलटा पडतो.

पास झालेल्या नवऱ्यावर जास्त लोभ करायची पद्धत असते, ती पाळ.

तुझा,
ग्वाकिसा


दार-एस-सलाम,
शुक्रवार, ता. १४ जून

तुसाच्या बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही आजोबा झालात! मुलगी! केस इतके की जन्मतःच वेणी घालावी, आणि रडणं तुमच्या फोनवरच्या आवाजात. जावयाने शाळेच्या ऑफिसात फोन करून निरोप ठेवलाय, तो मिळाला असेलच.

बाळाने कुणाचं ऐकलं नाही, आधीच यायचं ठरवलं. बुधवारी संध्याकाळी लुगानोच्या आईच्या फोनवर जावयाचा आवाज आला, आणि गुरुवारी पहाटे मी उयोलेहून बस पकडली. तुमची परीक्षा त्याच दिवशी म्हणून मुद्दाम कळवलं नाही. हात आधीच उडतोय, त्यात डोकं उडायला नको. माफिंगा जवळ आलं तेव्हा मी खिडकीशीच बसले होते. वाटलं, शाळेचं फाटक तरी दिसेल, मनातल्या मनात हात करीन.

पण कसलं काय! फाटक येण्याआधी एक शिकाऊ पाटीचा ट्रक असा पुढ्यात बसला की विचारू नका. इतका सावकाश, की बाजूने बकरी पुढे गेली असती. आमचा ड्रायव्हर दिवे मारून, हॉर्न वाजवून थकला. हा बाबा काही केल्या दिवा देईना, डावा नाही आणि उजवाही नाही. माझी लेक तिकडे कळा देतेय, आणि हा इथे ढिम्म! माझा तोल गेला. मी अर्धी खिडकीबाहेर लोंबकळून त्याचा उद्धार केला, त्याच्या आईपासून बायकोपर्यंत. बसमधली माणसं टाळ्या वाजवत होती. मी त्यांना सांगितलं की माझा नवरा या रस्त्यावर डावा दिवा म्हणून ओळखला जातो, तो पुढे असता तर त्याने माथ्यावर येताच दिवा दिला असता आणि आपण केव्हाच पुढे गेलो असतो.

आणि मग, तुसाचे बाबा, ट्रक एकदम थांबत आला. त्याच्यापुढून लाकडांची ट्रॉली आडवी गेली. आमचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढून म्हणाला की दिवा मिळाला असता तर मी त्या वेळी बरोबर तिथेच असतो. मी खिडकी लावून खाली बसले. मी आत्ताच काय बोलले होते, ते मला आठवलं.

पुढे गेल्यावर त्या ट्रकने डावा दिवा लावला. मला वाटलं, आता देतोय. पण तो स्वतःच डावीकडे वळला आणि एका फाटकात शिरला. फाटकावरची पाटी वाचेपर्यंत बस पुढे निघून आली.

तुमच्याबरोबरचं कुणी पोर असेल. त्याला शोधून काढा आणि सांगा की शिव्या देणाऱ्या बाईने माफी मागितलीय, आणि तिची नात तिला बघायला मिळाली. तुमची परीक्षा कशी झाली? मला तर आता तुम्ही नापास झालात तरी चालेल, असं काल रात्री वाटलं. आज सकाळी पुन्हा चालेनासं झालं.

बाळाचं नाव तुम्ही सांगा. लोभ आता तिघींना वाटून द्यायचा आहे, हे लक्षात ठेवा.

आपली,
अतुगनिले


माफिंगा,
ता. १७ जून

प्रिय अतुगनिले हीस,
स. न. वि. वि.

माझं गुरुवारचं पत्र टुकुयूला तुझ्या बंद टपरीच्या फटीत पडलं असेल. ते तू वाचलेलं नाहीस. तुझं मात्र आज मिळालं, फाटकापाशी, दाखला हातात घेऊन मी बाहेर पडत होतो तेव्हा.

ते पोर मी होतो.

मी वाचता वाचता तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो. त्या भल्या माणसासारखा, पण मी हसत होतो आणि रडत होतो. सिकुजुआ बाई धावत आल्या, त्यांना वाटलं, घरून वाईट बातमी आली. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, डोळे पुसले, आणि मग विचारलं की तुमच्या बायकोच्या शिव्या मूळ भाषेत लिहून देता का, सरावाच्या वेळी मागच्या गाडीत लागतील.

मनगटावरची पट्टी मी सोडलेली नाही. माझा हात तू धरला होतास, आणि त्याच वेळी खिडकीतून तूच मला दिवा दे म्हणून ओरडत होतीस. त्यातलं कुठलं ऐकायचं, हे मला इथे शिकवलं म्हणून आपली नात आजीच्या मांडीवर आहे. तिचं नाव सिकुजुआ ठेवू या का? आपल्यात असं नाव नाही, पण असू दे.

मालकांचा निरोप आला, ट्रक माझाच. लुसेकेलोला माझा जुना मिळाला. पोरगा चांगला निघाला, म्हणाला की पहिली खेप म्झेंच्या मागून करीन. परवा दार-एस-सलामला येतो; जूनअखेर ट्रक उतरला की तुसाला आणि बाळाला घेऊन बंदराच्या फाटकाशी या. सीटवरचं प्लास्टिक तू काढायचंस.

आणि फाळक्याचं ठरलं. तुझं एकही घेतलं नाही, राग मानू नकोस. इथल्याच रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली, पिवळ्यावर तांबडी अक्षरं. त्याने लिहिताना विचारलं की ही धमकी आहे की प्रेम. मी म्हटलं, तू लिही, मागे येईल त्याला कळेल. पाटीवर लिहिलंय: "मागच्या गाडीत माझी बायको आहे".

ओरडत राहा, हात धरून राहा.

तुझाच, पुढच्या गाडीतला,
ग्वाकिसा